नाशिकच्या थंडीत पाम रुजवताना

बयो, लिकुआला आणि लिपस्टिक पामचं बी मागवलंस म्हणे! एक व्हानुआटूच्या बेटांवरची, दुसरा मलाया-सुमात्राच्या दलदलीतला. आणि तुझ्या नाशकात पौषात पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तरी जमेल हो. कोकणात पाम वाढतो, घाटावर तो वाढवावा लागतो, एवढंच.

१. बी ताजं घे आणि आलं की लगेच लाव, फ्रिजात नको नि उन्हातही नको — हे काही गव्हाचं बियाणं नव्हे, सुकलं की आतला अंकुर मेलाच.

२. फळावरचा गर पुरता काढ, पण हातमोजे घालून — गर उगवण रोखतो, बुरशीही त्यावरच धरते, आणि काही पामांच्या गराने हात खाजून हैराण होतात. भेरली माडाची फळं सोललेल्याला विचार.

३. दोन दिवस भिजत घाल, पाणी रोज बदल — शिळ्या पाण्यात बी कुजतं.

४. ओलं कोकोपीट मुठीत दाबून बघ: गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये — बियाला ओल लागते, चिखल सोसत नाही.

५. बी फाल्गुन-चैत्रात हाती येईल असं बघ नि तेव्हाच पेर — रुजायला २७ ते ३२ अंशांची ऊब लागते, ती उन्हाळा फुकट देतो, आणि थंडीआधी रोपाला अख्खा पावसाळा मिळतो.

६. झाकणाचा पारदर्शक डबा स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेव, खिडकीच्या उन्हात नको — ऊब वरच साचते, पण बंद डब्यात ऊन शिरलं की बी शिजतं.

७. डब्यावर तारीख लिही आणि उकरून बघू नकोस (तुझा स्वभाव ठाऊक आहे मला!) — कोंबाला महिने लागतात, लिकुआलाला कधी वर्षही. उकरायची ज्याला घाई, त्याच्या नशिबी कोंब नाही.

८. लिकुआलाच्या बियातून आधी एक जाडसर पांढरा देठ खाली उतरतो, तो तोडू नकोस — रोप त्याच्याच टोकाशी फुटतं. म्हणून पहिली कुंडी खोल घे.

९. रोपं सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला ठेव — एप्रिलच्या कोरड्या झळांनी कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

१०. थंडीत कुंडी फरशीवर नको, लाकडी पाटावर ठेव — गारठा खालून चढतो.

११. थंडीत पाणी कोमट, सकाळी, आणि वरची माती सुकल्यावरच दे. मधल्या शेंड्यात थेंब साचू देऊ नकोस — ओल आणि गारठा, रोपावर वरवंटा. मधली मिटलेली पात अधूनमधून हलकेच ओढून बघ; अलगद हातात आली तर शेंडा कुजला समज.

१२. थंडीत खत नाही, कुंडी बदलणंही नाही — मुळं तेव्हा निजलेली असतात. कुंडी बदल ती पावसाच्या सुरुवातीला, मुळांची माती न झाडता.

आणि वर्षाला दोन-तीन पानं आली तरी रोप बरं चाललंय समज. लिकुआलाचं पान गोल व्हायला नि लिपस्टिकचा देठ लाल व्हायला वर्षं जातात, ती जाऊ दे. तू फक्त डिसेंबर लागायच्या आत पाट काढून ठेव.