सामर्थ्याची ठेव आणि तिची राखण



मनुष्याच्या अंगी असलेले सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याचे त्याने प्रत्यक्षात केलेले चीज, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद नीट ध्यानात यावा म्हणून ह्या पाठात आपण अमेरिकन मुष्टियोद्धा रिडिक बो ह्याच्या जीवनाचा विचार करू. तो खरोखर थोर होता काय, ह्याविषयी जाणकारांत आजही एकमत नाही.

१. कोणी पाहत नसताना

न्यूयॉर्कमधील ब्राउन्सव्हिल ह्या दरिद्री वस्तीत तेरा भावंडांपैकी बारावा म्हणून बो वाढला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने अंतिम सामना गाठला. परंतु लेनक्स लुईसपुढे दुसऱ्याच फेरीत पंचांनी सामना थांबवला आणि बोला रौप्यपदक मिळाले. मुलगा गुणी आहे, पण आळशी आहे, असे लोक म्हणू लागले.

जो फ्रेझियरसारख्या जगज्जेत्याला शिकवणारे वृद्ध गुरू एडी फच हेही प्रथम त्याला घेण्यास राजी नव्हते. त्यांनी त्याची परीक्षा पाहिली. रीनो येथे त्यांनी त्याला पहाटे डोंगरावर धावण्यास सांगितले, आपण बाहेरगावी जात आहोत असे भासवले आणि त्या वाटेवर गुपचूप वाट पाहत राहिले. बो धावत आला. आपल्यावर कोणाची नजर आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. फच यांनी त्याला शिष्य केले.

२. सर्व जग पाहत असताना

१३ नोव्हेंबर १९९२ रोजी लास व्हेगास येथे बोने इव्हँडर होलीफील्डला हरवून हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले. त्याचे वजन तेव्हा २३५ पौंड होते. एवढ्या थोराड देहाचा मनुष्य इतक्या जवळून आणि इतक्या सफाईने लढताना क्वचितच पाहावयास मिळतो.

आता त्याने लुईसशी लढावे, अशी अपेक्षा होती. मात्र दोन्ही पक्षांत वाटाघाटी जुळल्या नाहीत. १४ डिसेंबर १९९२ रोजी लंडन येथे पत्रकारांसमोर बोने आपल्या तीन पट्ट्यांपैकी एक कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो मान पुढे लुईसला मिळाला. १९९३ मध्ये बोने मायकेल डोक्स व जेसी फर्ग्युसन ह्यांना झटपट हरवले. परंतु त्या काळच्या अव्वल योद्ध्यांत त्यांची गणना होत नव्हती. ६ नोव्हेंबर १९९३ रोजी तो पुन्हा होलीफील्डसमोर उभा राहिला, तेव्हा त्याचे वजन २४६ पौंड झाले होते. पंचांच्या बहुमताने तो हरला. जगज्जेतेपद वर्षभरही टिकले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. जो मनुष्य एकांतात पहाटे डोंगर चढला, त्यालाच कीर्ती मिळाल्यावर शिस्त का जड जावी? अभाव असताना गरज आपल्याला उठवते; विपुलता आल्यावर आपले आपणच उठावे लागते.

३. वारशाविषयीचा वाद

बोच्या बाजूने बोलणारे म्हणतात : ४३ विजय, एक पराभव आणि एक अनिर्णित ठरवलेली लढत, ही त्याची नोंद आहे. होलीफील्डविरुद्धच्या तीनपैकी दोन लढती त्याने जिंकल्या, आणि १९९५ मधील तिसरी तर स्वतः खाली पडूनही उठून आठव्या फेरीत संपवली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरव दालनात त्याचा समावेश झाला.

विरोधी बाजू म्हणते : व्यावसायिक जीवनात तो लुईसशी किंवा माइक टायसनशी कधीच लढला नाही. १९९६ मध्ये पोलंडच्या आंद्रेय गोलोटाने त्याला दोन वेळा बेदम मारले. गोलोटा नियमबाह्य ठोशांमुळे अपात्र ठरला, म्हणूनच ते दोन विजय बोच्या नावावर आहेत.

दोन्ही बाजू खरेच सांगतात. पहिली बाजू त्याने काय केले ते मोजते. दुसरी, तो काय करू शकला असता ते.

४. न्याय करताना सावधगिरी

गोलोटाशी झालेल्या लढतींनंतर बोची वाणी जड झाली. १९९७ मध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि काही दिवसांतच परतला. १९९८ मध्ये त्याने दुरावलेली पत्नी व पाच मुले ह्यांना बळजबरीने गाडीतून नेले. मेंदूला झालेली इजा लक्षात घेऊन न्यायालयाने प्रथम ३० दिवसांचीच शिक्षा दिली. वरिष्ठ न्यायालयाने ती सवलत नाकारली, आणि त्याने सुमारे १७ महिने तुरुंगात काढले.

ह्या मनुष्याने आपली ठेव उधळली की त्याच्या व्यवसायानेच ती हिरावून घेतली? पत्नी व मुलांनी सोसलेल्या भयाचे समर्थन कोणत्याही इजेने होत नाही. तथापि मेंदूवर झालेल्या आघातांना केवळ आळस म्हणणे हेही सत्याला धरून नाही. शिस्त ढिली करणे बोच्या हाती होते. त्याची किंमत किती पडेल, हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते.

म्हणून दुसऱ्याच्या वाया गेलेल्या गुणांविषयी बोलताना आपली जीभ सावकाश चालो, आणि स्वतःच्या गुणांची राखण करताना आपले पाऊल त्वरेने उचलले जावो.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या अंगच्या कोणत्या गुणाची मशागत आपण कोणी पाहत नसतानाही करतो?

२. यश मिळाल्यावर आपली कोणती चांगली सवय सुटली?

३. एखाद्याच्या अपयशाचा निवाडा करताना आपल्याला न दिसणारी इजा असू शकेल, ह्याचा विचार आपण करतो काय?