लहान नौकेच्या टाकीतील उपयोगी तेलाचा अंदाज

कोकण किनाऱ्यावरील पुष्कळ लहान मच्छीमार नौका डिझेल इंजिनावर चालतात. भर समुद्रात इंजिन बंद पडण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी एक सर्वस्वी टाळता येण्यासारखे आहे. ते म्हणजे तेलाचा चुकीचा अंदाज. टाकीत तेल शिल्लक असूनही ते इंजिनास मिळत नाही, असे घडते. म्हणून टाकीत एकूण तेल किती आहे यापेक्षा त्यातील उपयोगी तेल किती आहे, हे तांडेलाने जाणणे अधिक अगत्याचे होय.

एकूण तेल : चौकोनी टाकीची आतील लांबी, रुंदी व तेलाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास १,००० ने भागावे, म्हणजे लिटर निघतात. समजा, टाकी ८० सें.मी. लांब, ५० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच आहे. तीत १२० लिटर तेल मावते. म्हणजे दर सेंटिमीटर उंचीस ४ लिटर होतात. नौका स्थिर असताना टाकीच्या मध्यभागी मोजपट्टी सरळ उभी बुडवून उंची पाहावी.

आडव्या गोल टाकीस हा हिशेब लागू पडत नाही. तीत पाव उंचीपर्यंत तेल असेल, तर ते पाव टाकी नसून सुमारे एक पंचमांशच असते. अशी टाकी रिकामी करून तीत मापाने १०-१० लिटर तेल ओतावे व प्रत्येक वेळी मोजपट्टीवर खूण करावी.

निरुपयोगी तेल : तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवलेले असते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते व गाळ तळाशी साचतात. ते इंजिनात जाऊ नयेत हा त्यातील हेतू. वरील टाकीत हे तोंड ३ सें.मी. वर असल्यास खालचे १२ लिटर मिळत नाहीत. शिवाय लाटांवर नौका कलते. ८० सें.मी. लांबीची टाकी लांबीच्या दिशेने ५ अंश कलली, तर एका टोकास तेल सुमारे साडेतीन सें.मी. खाली जाते. नळी त्याच टोकास असल्यास तीत हवा शिरते व इंजिन बंद पडते. नळीतील हवा काढल्याखेरीज ते पुन्हा चालू होत नाही. यास्तव खालचे ७ सें.मी., म्हणजे २८ लिटर, हिशेबात धरू नयेत.

तेलाचा खर्च : टाकी एका खुणेपर्यंत भरावी, नेहमीच्या भाराने २ तास इंजिन चालवावे व पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापाने तेल भरावे. १० लिटर लागले, तर खर्च तासास ५ लिटर होय.

उदाहरण : मोजपट्टी १८ सें.मी. दाखविते. एकूण तेल ७२ लिटर. तांडेल १४ तासांचा हिशेब करून ७ तास बाहेर जातो. परंतु उपयोगी तेल ११ सें.मी., म्हणजे ४४ लिटरच आहे. समुद्र खवळलेला असल्यास ते पावणेनऊ तासांत संपते व किनारा अद्याप सव्वापाच तासांवर राहतो. ताशी ९ किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे ४७ किलोमीटर होते. समोरून वारा असल्यास ते याहूनही अधिक भासेल.

सुरक्षित नियम : उपयोगी तेलाचे तीन समान भाग करावेत. एक जाण्यास व मासेमारीस, दुसरा परतण्यास आणि तिसरा वारा, भरती-ओहोटी व संकटसमयासाठी राखीव. वरील उदाहरणात पहिला भाग सुमारे पावणेपंधरा लिटर होतो. तो सुमारे तीन तासांत संपतो. तो संपताच नौका किनाऱ्याकडे वळवावी.

पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असताना टाकी धुवून तळातील पाणी व गाळ काढावा, नळीच्या तोंडाची उंची मोजावी व मोजपट्टीवर ‘येथून खाली तेल नाही’ अशी ठळक लाल खूण करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थेत एका नौकेवर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. शेतावरील डिझेल पंपाच्या टाकीसही नळीखालच्या तेलाचा हाच हिशेब लागतो. तेथे चूक झाल्यास पाण्याची एक पाळी चुकते. समुद्रात मात्र खलाशांचे प्राण पणास लागतात. लाल खूण हाच टाकीचा खरा तळ, असे समजून वागावे.