उंच पर्वतातील पदभ्रमण : राखीव दिवसांची तरतूद

वार्षिक लेखाबंदी आटोपली की बेंगळूरुतील आमच्या शाखेत रजेच्या अर्जांना ऊत येतो आणि काउंटरवर येणारे तरुण ग्राहकही हिमालयाच्या गोष्टी काढू लागतात. मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरून नऊ दिवसांची रजा, विमानाची तिकिटे आणि आयोजकांकडे भरलेली आगाऊ रक्कम, एवढे झाले की नियोजन पूर्ण झाले असा समज सर्वत्र आढळतो. तो कितपत बरोबर आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे. येथील मंडळी सरावासाठी नंदी टेकडीवर (1,478 मीटर) किंवा कुमार पर्वतावर (1,712 मीटर) जातात. महाराष्ट्रातील आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे. या चढाईने पाय आणि दम तयार होतो, हे खरे. परंतु विरळ हवेचा त्रास साधारणतः 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो आणि त्याचा सराव दक्षिणेत कोठेही होऊ शकत नाही. दररोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही तो होतो, कधी कधी अधिकच होतो. कारण असा मनुष्य वेगाने वर चढतो. शरीराला नव्या उंचीशी जुळवून घेण्यास दिवसच लागतात. त्यांना दुसरा पर्याय नाही.

जाणकारांचा सर्वमान्य नियम असा की 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा फारशी वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी काढावा. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळाचे उदाहरण घेऊ. लुक्ला 2,860 मीटरवर. तेथून फाकडिंग गावी थोडे उतरून दुसऱ्या दिवशी नामचे बाजार गाठावयाचा, तो 3,440 मीटरवर. एका दिवसात आठशे मीटरहून अधिक चढ झाला, म्हणून नामचेला दोन रात्री. पुढे तेंगबोचे 3,860, दिंगबोचे 4,410. येथे पुन्हा दोन रात्री. मग लोबुचे 4,940, गोरक्षेप 5,164 आणि तळ 5,364 मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास येतो. जाता-येता बारा दिवस तर चालण्यातच जातात. शिवाय लुक्लाची विमाने धुक्यामुळे वारंवार रद्द होतात, त्यासाठी दोन दिवस हाताशी हवेत. नऊ दिवसांच्या रजेत हा हिशेब बसत नाही. आणि रजा वाढविणे शक्य नसेल तर विश्रांतीचे दिवस कापण्याऐवजी कमी उंचीची वाट निवडावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

हा विषय बेंगळूरुकरांना परका नाही. जून 2024 मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल येथे गेलेली 22 जणांची तुकडी हिमवर्षाव व सोसाट्याच्या वाऱ्यात अडकली आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. तुकडीतील बहुतेक जण कर्नाटकातील, विशेषतः बेंगळूरुचे होते. त्यांत अनुभवी व ज्येष्ठ मंडळीही होती. उरलेल्या तेरा जणांच्या सुटकेसाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे धावली. त्या दिवशी काय चुकले याचा निवाडा दूर बसून करणे योग्य नव्हे. मात्र आपले नियोजन करताना प्रत्येकाने एक प्रश्न आयोजकांना लेखी विचारावा : हवामान बिघडल्यास थांबण्यासाठी किती दिवस राखीव आहेत, आणि मागे फिरण्याचा निर्णय कोण घेणार?

बँकेत आपण बुडीत कर्जांसाठी तरतूद करतो, ती कर्ज बुडावे म्हणून नव्हे. सहलीच्या अंदाजपत्रकातही असाच एक स्तंभ असावा. समजा, सर्व खर्च 1,20,000 रुपये धरला. त्यावर वीस टक्के, म्हणजे 24,000 रुपये, अधिकच्या मुक्कामासाठी व बदललेल्या तिकिटांसाठी ठेवावे. एकूण 1,44,000. दरमहा 8,000 रुपयांची आवर्ती ठेव अठरा महिने चालविली तर मुद्दल तेवढी होते, व्याज वेगळे. जवळ पैसा नसल्यामुळे ‘आता भरले आहेत, वाया कशाला घालवा’ असे म्हणत डोकेदुखी व मळमळ लपवून पुढे जाणारे कितीतरी असतात. त्या लक्षणांवर पहिला उपाय म्हणजे वर चढणे थांबविणे. ती वाढू लागली तर लगेच खाली उतरणे. चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे ही तर प्राणावर बेतणारी चिन्हे होत. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळ्यांचा निर्णयही त्यांच्यावरच सोडावा.

विम्याबाबत एक सूचना. अनेक प्रवास विमा पॉलिसींत ठरावीक उंचीवरील पदभ्रमण वगळलेले असते. त्यामुळे ‘वगळलेल्या बाबी’ हे पान आधी वाचावे. पॉलिसी कोणत्या उंचीपर्यंत लागू आहे, हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च त्यात येतो का आणि त्यासाठी कंपनीची पूर्वसंमती लागते का, या तीन गोष्टींची खात्री करून कंपनीचा दूरध्वनी क्रमांक घरच्यांजवळ व वाटाड्याजवळ ठेवावा. नेपाळसाठी आपणास व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र सोबत असावे.

एव्हरेस्ट परिसरासाठी एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन हंगाम चांगले. ऑक्टोबरात निघावयाचे असल्यास अठरा महिन्यांची ठेव आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये सुरू केली तर ती सप्टेंबरात पूर्ण होईल. रजेचा अर्ज मात्र सोळा-सतरा दिवसांचा करावा आणि राखीव दिवस त्यात स्वतंत्र दाखवावेत.