चाकांवरचे घर आणि सीमेवरचे दार

नोव्हेंबर उजाडला, की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून आणि कॅनडातून असंख्य निवृत्त दांपत्ये घराला कुलूप लावून दक्षिणेची वाट धरतात. थंडी चुकवण्यासाठी येणाऱ्या या मंडळींना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी म्हणतात. त्यांचे वाहन म्हणजे आरव्ही : स्वयंपाकघर, शय्या आणि स्नानगृह सामावणारे चाकांवरचे घर. मोठी आरव्ही लिटरमागे जेमतेम तीन-चार किलोमीटर धावते. त्यामुळे रोज नवा गाव पाहण्यापेक्षा आवडत्या जागी तळ ठोकणे आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेथेच परतणे हाच या जीवनाचा खरा हिशेब ठरतो.

या परतण्यावर मेक्सिकोच्या सीमेलगतच्या अनेक वस्त्यांची वर्षभराची मिळकत अवलंबून असते. येणारा पाहुणा ठरलेला, त्याची गरज ओळखीची. उणीव एवढीच, की त्याची वाट एका सरकारी दारातून जाते.

आधी दाराच्या अलीकडची बाजू पाहू. ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइट हे तीन हजारांहूनही कमी वस्तीचे वाळवंटी गाव. त्याच्या भोवतालच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा दीर्घ मुक्काम करता येतो. या सात महिन्यांच्या परवान्याचे शुल्क अनेक वर्षे अवघे १८० डॉलर होते. जानेवारीत तेथे रत्ने आणि खनिजे यांचे बाजार भरतात आणि क्षितिजापर्यंत आरव्हीच आरव्ही दिसतात.

येथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, युमा शहराच्या पश्चिमेस, सीमेपलीकडे लॉस अल्गोदोनेस हे मेक्सिकन गाव आहे. आरव्ही अलीकडच्या वाहनतळावर उभी करून लोक पायीच सीमा ओलांडतात. चार-सहा गल्ल्यांच्या या गावात काही शेकडो दंतवैद्य आहेत! कारण सरळ आहे. अमेरिकेतील वृद्धांची ‘मेडिकेअर’ ही सरकारी आरोग्यविमा योजना दातांचे नेहमीचे उपचार आपल्या कक्षेत घेत नाही, आणि पलीकडे तेच काम बहुधा निम्म्याहूनही कमी खर्चात होते. सकाळी दाताला टोपी, दुपारी चष्मा आणि संध्याकाळी पुन्हा आपल्या तळावर, असा हा क्रम. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याची गरज जाणून उभा राहिलेला हा व्यवसाय कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभावा.

मात्र दार बंद झाले तर काय होते, याचा धडा टेक्ससमधील बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकाठी मिळतो. उद्यानाच्या पूर्व टोकाला रिओ ग्रांदे नदीच्या काठावर आरव्हींचा तळ आहे. समोर पलीकडे बोकियास देल कार्मेन हे चिमुकले खेडे. पूर्वी होडीने नदी ओलांडावी, गाढवावर बसून गावात जावे, जेवावे, बायकांनी भरतकाम केलेली एखादी पिशवी घ्यावी आणि परत यावे, असा साधा परिपाठ होता. पासपोर्ट पाहायला तेथे कोणी नसे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चित्र पालटले. मे २००२ मध्ये ही वाट बंद झाली. नदीचे पात्र तेवढेच राहिले. कायदेशीर वाट मात्र शंभर मैलांहून अधिक दूर, प्रेसिडिओ येथे गेली. गावाला किराणा आणि इंधन आणायचे तर मेक्सिकोतील मोठे गाव सुमारे अडीचशे किलोमीटरवर. ग्राहक आटले तशी कुटुंबे गाव सोडून गेली. मागे राहिलेल्यांनी तारेचे विंचू, भरतकाम आणि काठ्या अमेरिकी काठावरील पायवाटांवर मांडून ठेवल्या. शेजारी पैशांसाठी एक बरणी. विक्रेता पलीकडच्या काठावरून नजर ठेवी. ही खरेदी बेकायदा असल्याच्या सूचना उद्यानाने लावल्या होत्या, तरीही बरणीत पैसे पडत. ग्राहक आणि विक्रेता यांचा विश्वास शाबूत होता. तुटला होता तो फक्त रस्ता.

अकरा वर्षांनी, एप्रिल २०१३ मध्ये, येथे अधिकृत तपासणीनाका सुरू झाला. परतताना प्रवासी यंत्रापुढे उभा राहतो, पासपोर्ट दाखवतो आणि दूरवर एल पासो येथे बसलेला अधिकारी दूरध्वनीवरून प्रश्न विचारतो. होड्या पुन्हा सुरू झाल्या, उपाहारगृहांत चुली पेटल्या. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे दार पुन्हा मिटले. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडले. एकाच प्रकारच्या ग्राहकावर आणि एकाच वाटेवर विसंबलेल्या धंद्याची जोखीम याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

हे केवळ खेड्यांपुरते नाही. ॲरिझोनातील ल्यूकव्हिल नाका ४ डिसेंबर २०२३ रोजी बंद झाला आणि महिन्याने, ४ जानेवारी २०२४ रोजी उघडला. तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रकाठी पुएर्तो पेन्यास्को आहे. वर्षानुवर्षे तेथे उतरणाऱ्या आरव्हीवाल्यांना ऐन हंगामात दूरचा वळसा घ्यावा लागला. अनेकांनी बेतच रद्द केला.

प्रवाशाच्या बाजूनेही काही हिशेब आहेत. १ जून २००९ पासून अमेरिकी नागरिकालाही जमिनीवरून परतताना पासपोर्ट किंवा तत्सम मान्य कागद लागतो; पूर्वी वाहनपरवान्यावर भागत असे. वाहन मेक्सिकोत न्यायचे तर तेथील कायद्यानुसार मेक्सिकन कंपनीचा उत्तरदायित्व विमा हवा. अमेरिकी विमापत्र तेथे त्या कामी चालत नाही, आणि विम्याविना अपघात झाल्यास चालकाला अटकही होऊ शकते.

मुलांकडे अमेरिकेत गेलेली आपल्याकडील अनेक कुटुंबे हल्ली आरव्ही भाड्याने घेऊन बिग बेंडपर्यंत जातात. भारतीय पासपोर्टधारकांनी होडीत पाय ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा वैध आहे की नाही, आणि मेक्सिकोचे प्रवेशाचे नियम त्या वेळी काय आहेत. नाका कोणत्या दिवशी उघडा आहे आणि आपले कागद तेथे चालतील का, हे उद्यानाच्या कार्यालयात आधी विचारावे. नाका संध्याकाळी बंद होतो आणि शेवटची होडी चुकली, तर रात्र पलीकडेच काढावी लागते.