थिबाचं युद्ध : ओंडके की फ्रेंच?

आपण थिबा पॉइंटवर सनसेट बघायला जातो, पण ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत आलाच कसा? माझ्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात यावर जेमतेम एक ओळ होती.

इंग्रज आणि ब्रह्मदेश १८२४ व १८५२ मध्ये लढले होते. १८८५ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं. कशामुळे, यावर अजून वाद आहे. पहिलं उत्तर सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने नेलेल्या सगळ्या ओंडक्यांचे पैसे भरले नाहीत, असं ठरवून मंडालेच्या दरबाराने सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. कंपनीने आरोप नाकारला. दुसरं उत्तर फ्रेंचांचं. त्याच जानेवारीत थिबाने फ्रान्सशी करार केला होता आणि पलीकडे टोंकिनमध्ये फ्रेंच फौजा होत्याच.

मला दुसरं जास्त पटतं. इंग्रजांचा २२ ऑक्टोबरचा अल्टिमेटम बघा. दंडाचा वाद आमच्या दूतासमोर मिटवा, इथवर ठीक. पण परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवा, चीनशी व्यापाराला वाट द्या! ओंडक्यांच्या बिलात हे कुठून आलं? अर्थात ओंडके अगदीच फालतू नव्हते. रंगूनचे इंग्रज व्यापारी आधीपासूनच मंडाले घ्या म्हणून मागे लागले होते.

दोनेक आठवड्यांत मंडाले पडलं. फ्रान्स मदतीला आला नाही. १८८६ मध्ये थिबाला कुटुंबासह इथे आणलं. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये, तोवर तो दुसऱ्या बंगल्यात राहिला. १९१६ मध्ये तो वारला. त्याची समाधी याच गावात आहे.