हात आधी की मन आधी? (स्वाध्याय पाठ)



मागच्या गुरुवारी वाचन संपल्यावर एका काकूंनी प्रश्न टाकला होता, "सगळं आधीच ठरलेलं असेल तर मी सुनेवर चिडले यात माझी चूक कशी?" कोणी हसलं, कोणी 'प्रारब्ध' म्हणालं, तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला. या वेळी पाठ लिहायची पाळी माझी, म्हणून तोच प्रश्न घेते. बी.ए.ला माझं तत्त्वज्ञान होतं, पण त्याला तीस वर्षं झाली. त्यामुळे पुन्हा वाचावं लागलं.

काकूंचा प्रश्न जुनाच आहे. लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ साली लिहिलं की, जगातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्याच्यावरचा जोर एखाद्या बुद्धीला आज पूर्ण कळला, तर तिला पुढचं सगळं दिसेल. आपलं डोकंही कणांचंच बनलेलं. मग "मी ठरवलं" म्हणणारा हा मी कोण? हे बरीच वर्षं नुसत्या वादाचं राहिलं. मग बेंजामिन लिबेट यांनी ते प्रयोगशाळेत नेलं.

लिबेट अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात मेंदूवर काम करायचे. १९८३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मोजकेच विद्यार्थी घेतले होते. डोक्याला तारा लावायच्या, समोर पडद्यावर घड्याळासारखी तबकडी. तिच्यावर प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारतो, म्हणजे आपल्या सेकंदकाट्याच्या वीसपटीहून जास्त वेगाने. विद्यार्थ्याने एवढंच करायचं : मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि 'आता हलवू' असं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायचं. मेंदूतली ती खूण फार बारीक असते, एका वेळेला दिसत नाही, म्हणून चाळीस-चाळीस वेळा करवून सरासरी काढली.

एका सेकंदाचे हजार भाग धरा. हात हलायच्या सुमारे २०० भाग आधी माणसाला इच्छा झाल्याचं कळत होतं. पण मेंदूतली तयारी सुरू झालेली दिसायची ५५० भाग आधी! म्हणजे आपल्याला 'वाटायच्या' आधी साधारण एक-तृतीयांश सेकंद आत कुणीतरी कामाला लागलेलं.

हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही. कारण प्रयोगाचं नाही, माझ्या धाकट्या भावाचं आहे. त्याच्या परवानगीने लिहितेय. तो प्यायचा. मी त्याला म्हणायचे, "मनात आणलंस तर एका दिवसात सुटेल." तो म्हणायचा, "ताई, मी ठरवत नाही गं, हात आपोआप जातो." मला ते साफ बहाणा वाटायचं. दोन वर्षं मी त्याला भाऊबीजेला बोलावलं नाही. आणि इथे तर शास्त्रज्ञ सांगतायत की हात खरंच आधी निघतो!

पण घाई नको. स्वतः लिबेट म्हणत होते की इच्छा जाणवल्यापासून हात हलेपर्यंत जो जरासा वेळ उरतो, त्यात माणूस 'नको' म्हणू शकतो. सुरुवात आपली नसली तरी अडवणं आपलं. काकू, चिडणं उसळलं ते एक, आणि तोंडातून शब्द बाहेर गेला ते दुसरं. (हे मी मलाच सांगतेय. आमच्याकडे हा अनुभव रोज सकाळी डब्याच्या वेळी येतो.)

दुसरी गोष्ट, २०१२ साली शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मेंदूतल्या तयारीचाच अर्थ वेगळा लावला. त्यांचं म्हणणं मी दुधावर सांगते. मंद आचेवर दूध ठेवलंय, साय उगाच वर-खाली होतेय. तुम्ही फक्त उतू गेल्याचे क्षण निवडले आणि प्रत्येकाच्या मागे काय झालं ते बघितलं, तर दर वेळी चढच दिसणार. याचा अर्थ दुधाने आधीच उतू जायचं ठरवलं होतं असा नाही. मेंदूतही अशी चढउतार सतत चालू असते, आणि काही कारण नसताना मनगट हलवायचं असेल तर ती पुरेशी वर गेली की हात हलतो. म्हणजे ५५० भागांपूर्वी निर्णय झाला होता, असं म्हणता येत नाही. वाद अजून चालू आहे, पण 'विज्ञानाने सिद्ध केलं, माणूस कठपुतळी' असे जे मेसेज फिरतात ते पुढे पाठवू नका.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्या विद्यार्थ्यांनी खरा निर्णय कधी घेतला? प्रयोगाला यायचं ठरवलं, नियम ऐकून 'हो' म्हणाले तेव्हा. शेवटच्या अर्ध्या सेकंदात ठरवायला उरलं होतं काय!

भावाचंही तसंच झालं. दुकानासमोर उभं राहून 'नको' म्हणणं त्याला कधी जमलं नाही. उपचार चालू होते, डॉक्टर होते, ते श्रेय आहेच. पण त्याने स्वतः केलं ते असं की, ऑफिसातून घरी यायचा रस्ता बदलला आणि पगार वहिनीच्या हातात द्यायला लागला. हे त्याने सकाळी, शुद्धीत, हात आपोआप जायच्या किती तरी तास आधी केलं. 'एका दिवसात सुटेल' म्हणणारी मी चूक होते, पण 'माझ्या हातात काहीच नाही' म्हणणारा तोही पूर्ण बरोबर नव्हता.

ह्यूम नावाच्या स्कॉटिश विचारवंताने १७४८ साली असंच काहीसं मांडलं होतं : प्रत्येक कृतीला कारण असतं, तरीही ज्याला कुणी बांधून ठेवलेलं नाही आणि जो स्वतःच्या इच्छेप्रमाणे करतो तो स्वतंत्रच. पण व्यसन ही बेडी धरायची की स्वतःची इच्छा? ह्यूम वाचूनही मला याचं उत्तर मिळालं नाही. आपल्याकडे प्रारब्धाबरोबर क्रियमाण हाही शब्द आहे, आत्ता करतोय ते कर्म. आपण बोलताना पहिलाच शब्द उचलतो, तोही बहुतेक स्वतःच्या चुकीसाठी. शेजाऱ्याच्या चुकीला प्रारब्ध म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

गुरुवारसाठी दोन प्रश्न. रस्ता बदलल्याचं श्रेय भावाला द्यायचं तर आधीच्या पिण्याचा दोषही त्यालाच द्यायचा का? आणि काकूंसाठी : त्या दिवशी चिडण्याच्या किती आधी, काय वेगळं करता आलं असतं? उत्तरं ग्रुपवर लिहा, आवाजी मेसेज नकोत, मागच्या वेळी सतरा आले होते. पुढचा पाठ 'आपल्याला माहीत आहे असं कधी म्हणावं' यावर, तो बडोद्याच्या ताई लिहिणार आहेत.

या वर्षी भाऊबीज माझ्याकडे आहे. तो येतो म्हणालाय.