मुरुमे: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• चेहरा दिवसातून दोनदाच धुवा. सौम्य फेसवॉश आणि स्वतःची बोटे पुरेशी आहेत.

• खेळून किंवा जिममधून आल्यावर लगेच अंघोळ करा आणि घामाचा टी-शर्ट बदला. छाती-पाठीवरची मुरुमे ओल्या, घट्ट कपड्याखाली चिघळतात.

• हेल्मेटचे अस्तर, दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा तरी धुवा.

• केसांना तेल लावून झोपत असाल, तर केस कपाळावर येऊ देऊ नका आणि सकाळी धुऊन टाका.

• साखर कमी करा: चहातली, बिस्किटांतली, शीतपेयांतली. रक्तातली साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन वाढते आणि त्वचेच्या तेलग्रंथींना चालना मिळते.

• पाव, खारी, नूडल्सच्या जागी भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर घ्या.

• दुधाने त्रास वाढतो अशी शंका असेल, तर दोन महिने कमी करून पाहा. फरक दिसला नाही तर पुन्हा सुरू करा, कॅल्शियमला उगाच मुकू नका.

• व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरुमे वाढली असतील, तर ते थांबवा आणि अंडी, डाळी, सोयाबीन यांवर भर द्या.

• परीक्षेच्या दिवसांतही सात तास झोपा. जागरण आणि ताण एकत्र आले की मुरुमे उसळतात.

• पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील आणि जबड्याच्या कडेने मुरुमे येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्या. तिथे नुसत्या मलमाने भागत नाही.

• डॉक्टरांना चालू असलेले प्रत्येक औषध सांगा: स्टेरॉइड, फिट्सच्या गोळ्या, क्षयरोगाचे उपचार, बी१२ ची इंजेक्शने, जिममध्ये कोणी दिलेली पावडरसुद्धा. यांतल्या काहींमुळे मुरुमे येतात.

• बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांपासून सुरू करा. जास्त तीव्रतेने गुण फारसा वाढत नाही, जळजळ वाढते. टॉवेल आणि अभ्रा पांढरा वापरा, रंगीत कापड विटते.

• अ‍ॅडापलीन दिले असेल तर रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढे घेऊन सगळीकडे पातळ लावा. फक्त मुरुमावर ठिपका देऊन उपयोग नाही.

• कोणत्याही उपचाराला आठ ते बारा आठवडे द्या.

• बाहेर पडताना एसपीएफ ३० चे, 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेले सनस्क्रीन लावा. उन्हाने काळे डाग गडद होतात.

• खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे दिसू लागले तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

• मुलगा किंवा मुलगी आरसा टाळत असेल, कॉलेजला जायला नको म्हणत असेल, तर त्याबद्दल शांतपणे बोला आणि डॉक्टरांनाही सांगा.

काय टाळावे

• मेडिकलच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मिश्र मलम आणू नका. हा नियम सर्वांत आधी पाळा. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल, तर ते स्टेरॉइड आहे: सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, पुढे कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते आणि मुरुमे जोराने परततात. आधीपासून लावत असाल, तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते कसे सोडवायचे हे त्यांना ठरवू द्या.

• मुरूम फोडू नका, नखाने तर नाहीच. खड्डा कायमचा राहतो.

• लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका, त्वचा भाजते.

• डाळीचे पीठ किंवा स्क्रब घासू नका. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो, तो घासून जात नाही.

• चेहऱ्याला खोबरेल लावू नका.

• क्लिंडामायसिनची जेल एकटीच महिनोन्महिने लावू नका. जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

• बहिणीची किंवा मित्राची चिठ्ठी वापरू नका.

• आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा होऊ देऊ नका. बाळात गंभीर व्यंग निर्माण होते.

• 'पोट साफ नाही म्हणून' असे ठरवून जुलाबाची औषधे घेऊ नका.

• 'लग्न झाले की जातील' असे सांगून उपचार लांबवू नका; तेवढ्या वर्षांत व्रण पक्के होतात.

• 'तेलकट खातेस म्हणून', 'तोंड धूत नाहीस म्हणून' असे बोलू नका; दोष त्या मुलांचा नाही.

• साखरपुड्याच्या किंवा लग्नाच्या आठवड्यात नवे फेशियल, नवे क्रीम, नवे ब्लीच करून पाहू नका.

• चेहरा नितळ झाला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. ते किती दिवस चालू ठेवायचे, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.